नाशिकची हवा : गावापासून खोलीपर्यंत

थळ घाटातून रेल्वे वर चढली ती १८६५ साली. मुंबईहून नाशिकला येणे त्यामुळे सोपे झाले आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरची इथली कोरडी, थंड हवा मुंबईकरांच्या आवाक्यात आली. देवळालीला त्याआधीच, १८६१ मध्ये, लष्करी छावणी पडली होती. पुढे मुंबईतल्या पारशी, गुजराती, कच्छी समाजांनी तिथे आपापली सॅनिटोरियमे बांधली. छातीचा विकार असलेला, तापातून उठलेला, नाहीतर मुंबईच्या दमटपणाने गळून गेलेला माणूस महिना-दोन महिने इथे राही आणि बरा होऊन जाई, किंवा निदान तशी आशा धरी. हवापालटाला म्हणून लोक ज्या गावाला येत, त्याच गावात आज गंगापूर रोडच्या, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पलंगाशेजारी एअर प्युरिफायर चालू असतो. या दीडशे वर्षांत हवा बिघडली हे खरेच. पण हवा सांभाळण्याची जबाबदारी कुणाची, याचे उत्तरही दर पिढीत बदलले. आधी चांगली हवा हा गावाचा गुण होता, मग तो घराच्या बांधणीचा झाला, मग चुलीतल्या इंधनाचा, आणि आता एका बंद खोलीतल्या यंत्राचा. जबाबदारीचे वर्तुळ असे आकसत गेले. यंत्राला माझा विरोध नाही. मात्र जी कामे मोठ्या वर्तुळात व्हायची ती छोट्या वर्तुळातल्या यंत्रावर टाकली तर ते यंत्र हरते, असे नाशिकच्या घरांचा इतिहास सांगतो. प्युरिफायर निवडताना आणि सांभाळताना तो ध्यानात घ्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुन्या नाशिकातले, म्हणजे सराफ बाजार, दहीपूल, भद्रकाली या भागातले वाडे आतल्या चौकाभोवती उभे राहिले. चौकाला छप्पर नसे. तापलेली हवा चौकातून वर निघून जाई आणि ओसरीच्या सावलीतली गार हवा खोल्याखोल्यांतून तिकडे खेचली जाई. भिंती जाड, रस्त्याकडच्या खिडक्या बेताच्या, त्यामुळे गल्लीतली धूळ थेट माजघरात येत नसे. स्वयंपाकघर मागच्या अंगाला आणि त्याच्यावर कौलांत ठेवलेले धुराडे. पाणी तापवायचा तांब्याचा बंब न्हाणीशी, परसदाराच्या बाजूला. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचे नाव दूरवर होते, आणि तांबट मंडळींनी घडवलेले बंब गावोगावच्या घरांत वर्षानुवर्षे पेटत राहिले. धूर जिथे निघतो ती जागा माणसांच्या निजण्या-बसण्याच्या जागेपासून लांब ठेवायची आणि हवेला वर जायला वाट द्यायची, हे या रचनेचे सूत्र होते. सूत्र टिकायचे ते मात्र दरवर्षीच्या कामावर. पावसाळ्याआधी कौले शाकारली जात, तेव्हा धुराडेही मोकळे केले जाई. दिवाळीआधी जळमटे काढून भिंतींना चुना लागे. शेणाने सारवलेली जमीन नियमाने पुन्हा सारवावी लागे, नाहीतर तीच धुळीचे घर होई. बांधणी एकदाची असे, निगा दर हंगामाची.

इथवरच सांगून थांबलो तर जुन्या घराचे खोटे कौतुक होईल, आणि तो आक्षेप कुणी घेतला तर तो रास्तच आहे. वाड्याने धूर घरापासून लांब ठेवला, पण चुलीपुढे बसलेल्या बाईपासून लांब ठेवला नाही. ओल्या लाकडाचा, गोवऱ्यांचा धूर धुराड्यातून जाण्याआधी तिच्या डोळ्यांतून आणि छातीतून जाई. तिची फुंकणी, तिचे लाल डोळे, तिचा खोकला हे सगळे घरात इतके रोजचे होते की कुणी त्याला आजाराचे कारण म्हणून मोजले नाही. मोजणी फार उशिरा झाली. अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूर जातो हे मोजून १९८३ साली प्रसिद्ध केले. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, होतो आणि त्याचे जगभरातले एक मोठे कारण चुलीचा धूर आहे. घराची हवा चांगली असणे आणि घरातल्या प्रत्येकाची हवा चांगली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजचा प्युरिफायर दिवाणखान्यात ठेवला जातो आणि फोडणीचा धूर अजूनही ती करणाऱ्यालाच घ्यावा लागतो. ही जुनी चूक आपण पुढे नेत आहोत.

चूल सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल निघाली. १९८३-८४ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला आणि २००२ साली तो बंद केला. लाखो चुली वाटल्या गेल्या, पण पुष्कळ ठिकाणी त्या काही वर्षांत भंगल्या किंवा नुसत्या पडून राहिल्या. नळकांड्यात काजळी साचे, ती काढायला कुणी येत नसे, आणि बाई पुन्हा तीन दगडांच्या चुलीकडे वळे. वस्तू दिली की काम झाले असे योजनेने धरले आणि निगेचा हिशेब केला नाही. एअर प्युरिफायर घेणाऱ्याने हा धडा गाठीशी बांधावा, कारण काजळीने भरलेले नळकांडे आणि दोन वर्षे न बदललेला फिल्टर यांचा दोष एकच आहे.

गावाच्या हवेवरून लक्ष घराच्या बांधणीवर आणले ते प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि पुढच्या काही वर्षांत तो नाशिक जिल्ह्यातही पसरला. विनायक सावरकरांचे वडील, भगूरचे दामोदरपंत सावरकर, १८९९ साली प्लेगने गेले. तेव्हा सरकारी डॉक्टरांचा समज असा की रोग अंधाऱ्या, कोंदट, ओल्या घरांत वसतो. म्हणून मुंबई इलाख्यात घरांची कौले उतरवून आत ऊन सोडले, भिंतींना चुना फासला, माणसांना गावाबाहेर झोपड्यांत हलवले. १८९७ च्या साथरोग कायद्याने त्यासाठी अधिकार दिले आणि त्यांच्या वापरात जुलूमही झाला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये सांगितले, पण ते सर्वमान्य व्हायला वर्षे गेली. म्हणजे कौले उतरवण्यामागचे शास्त्र चुकीचे होते. तरी त्या चुकीतून एक बरी गोष्ट हाती लागली : घरात उजेड आणि हवा किती यावी हा सार्वजनिक नियमांचा विषय झाला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दोन इमारतींमध्ये किती आकाश मोकळे हवे याचे कोनात माप ठरवले. आजची राष्ट्रीय बांधकाम संहिताही खिडक्यांच्या उघड्या भागाचे प्रमाण देते : उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश, उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश. कागदावर हे प्रमाण आजही पाळले जाते. पण हल्लीच्या दोन फळ्यांच्या सरकत्या खिडक्या एका वेळी निम्म्याच उघडतात. उरलेल्या निम्म्यापुढे कूलर, एसी नाहीतर पलंग येतो, आणि नियमाने दिलेली हवा घरमालकाच्या हातून निसटते.

मोकळ्या हवेची प्रतिष्ठा कमी होण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते वैद्यकाच्या यशातून आले. १९५९ साली मद्रासच्या क्षयरोग केंद्राने एक चाचणी प्रसिद्ध केली. दाटीवाटीच्या घरांत राहून औषधे घेणारे रुग्ण आणि हवेशीर सॅनिटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण जवळजवळ सारखेच बरे झाले होते. गरिबांसाठी ही फार मोठी बातमी होती, कारण महिनोन्‌महिने हवापालटाला राहणे त्यांना कधीच परवडणारे नव्हते. मात्र हवा हा औषधोपचाराचा भाग उरला नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून देवळालीचे नाव उतरले आणि त्याबरोबर चांगली हवा राखणे हे सार्वजनिक काम आहे ही जाणीवही मंदावली. क्षयावर गोळी पुरेशी आहे हे सिद्ध झाले होते. दम्याला, सीओपीडीला, लहान मुलाच्या वाढत्या फुप्फुसाला खराब हवा चालते, असे त्या चाचणीने कुठेही म्हटले नव्हते.

मग गॅस आला. मुंबईत १९५५ मध्ये ‘बर्शेन’च्या नावाने स्वयंपाकाचा गॅस विकला जाऊ लागला, आणि नाशिकसारख्या शहरांत पुढची तीन-चार दशके लोक सिलिंडरच्या प्रतीक्षायादीत नाव घालून, रॉकेलचा स्टोव्ह पेटवत थांबले. गॅसने शहरातल्या बायकांना धुरातून सोडवले, याहून मोठे काम या विषयात कुणी केलेले नाही. हे काम कुठल्याही फिल्टरने झाले नाही, धूर निघण्याची जागाच बदलल्याने झाले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने तीच गोष्ट खेड्यांत नेली, जरी दुसरा सिलिंडर परवडत नाही म्हणून इगतपुरी-सुरगाण्याकडे चूल अजून पेटते. पण गॅसने एक भ्रमही दिला. धूर दिसेनासा झाला म्हणून स्वयंपाकघर मागच्या अंगाहून उठून फ्लॅटच्या मध्यावर आले, पुढे त्याची भिंतही गेली. तेल तापताना, मिरची परतताना सूक्ष्म कण निघतातच. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो. भिंतीतून बाहेर नळी काढलेली चिमणी किंवा साधा एक्झॉस्ट फॅन हे धुराड्याचे खरे वारस आहेत. नळी न काढता तीच हवा गाळून आत सोडणारी चिमणी तेल थोडेफार धरते, वायू तसाच ठेवते. घरात एकच खर्च शक्य असेल तर तो आधी बाहेर हवा टाकणाऱ्या पंख्यावर करावा, प्युरिफायरवर नंतर.

यावर सरळ आक्षेप येतो : खिडकी उघडा म्हणणे सोपे आहे, पण बाहेरचीच हवा बिघडली असेल तर? आक्षेप खरा आहे. साठच्या दशकात सातपूरला आणि पुढे अंबडला औद्योगिक वसाहती झाल्या, १९७० पासून एकलहरे येथे कोळशावरचे वीजकेंद्र धडधडू लागले, शहर चारी अंगांनी पसरले, वाहने वाढली. २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातल्या इतर शहरांबरोबर नाशिक होते. आपल्याकडे पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली केवळ ५. हिवाळ्यात तर नाशिकची थंडीच शत्रू होते. जिल्ह्यातल्या निफाडचा पारा खूप उतरतो त्या रात्री जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वरची उबदार हवा झाकणासारखी राहते, आणि वाहनांचा, कचरा जाळल्याचा, द्राक्षबागा वाचवायला पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर खालीच अडकतो. अशा पहाटे खिडकी बंद ठेवणे शहाणपणाचे आहे. दुपारी ऊन तापले की हा थर मोडतो आणि धूर विरळ होतो. हवा घ्यायची ती तेव्हा. गंगापूर रोड, हिरावाडी, पांडवनगरी, अंबड इथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्रांचे आकडे ताबडतोब पाहता येतात. जुन्या घराला ऋतू कळत होता, नव्या घराला तास कळायला हवा.

आता यंत्राकडे. त्याचा उगम घरगुती नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी कागदासारख्या तंतूंचा घट्ट फिल्टर घडवला गेला, तोच पुढे हेपा नावाने रूढ झाला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो धरतो. घरांत फिल्टर आणणाऱ्यांत जर्मनीतले हामेस बंधू पहिल्यांपैकी. १९६३ मध्ये त्यांनी कोळशावर तापणाऱ्या घरांतल्या काजळीसाठी तो बसवला, म्हणजे तिथेही प्रश्न शेगडीचाच होता. हेपा कण गाळतो, वायू गाळत नाही. वायूसाठी कोळशाचा फिल्टर लागतो आणि तो भरपूर वजनाचा लागतो. स्पंजावर शिंपडलेली काळी पूड काही आठवड्यांत निकामी होते. कार्बन डायऑक्साइड तर यांपैकी कशानेच कमी होत नाही. चार माणसे दार-खिडकी लावून निजली तर हवा स्वच्छ असूनही शिळी होते. ओझोन सोडून हवा शुद्ध करण्याचा दावा करणारे यंत्र घेऊच नये, कारण ओझोन स्वतःच फुप्फुसाला बाधतो.

निवडीचे गणित एकच आहे आणि ते अवघड नाही. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे १,२०० घनफूट, सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे तासाला मिळणारी गाळलेली हवा, १७० घनमीटर असायला हवा. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा सर्वांत जास्त वेगाचा असतो, आणि त्या वेगाच्या आवाजात झोप लागत नाही म्हणून लोक यंत्र मंद ठेवतात. तेव्हा आकडा बराच उतरतो. म्हणून गणितापेक्षा थोडे मोठे यंत्र घ्यावे, आणि विकत घेण्याआधी त्याचा फिल्टर नाशिकच्या बाजारात मिळतो का, केवढ्याला मिळतो, हे पाहावे. यंत्राची खरी किंमत दरवर्षीच्या फिल्टरमध्ये असते. दार उघडे टाकून स्वयंपाकघरासह सगळ्या घराची हवा एका छोट्या यंत्राने गाळू पाहणे व्यर्थ आहे. ज्या खोलीत सर्वांत नाजूक माणूस निजतो ती एक खोली धरावी.

निगा हा प्रकरणाचा शेवटचा भाग आणि सर्वांत दुर्लक्षित. पुढची जाळी दर पंधरवड्याला झटकून किंवा धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. हेपा धुऊ नये, पाण्याने त्याचे तंतू बिघडतात. हवा ओढून घेणाऱ्या बाजूला भिंतीपासून फूटभर जागा ठेवावी. यंत्राचा संवेदक धुळीने आंधळा होतो आणि मग हिरवा दिवा दाखवत राहतो. त्याची काच कापसाने पुसावी. पावसाळ्यात सरींनी नाशिकची हवा धुतली जाते, तेव्हा यंत्राला बहुतेक दिवस सुट्टी देता येते. त्या दमट महिन्यांत फिल्टर ओल धरू नये म्हणून तो काढून, गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याच्या कामाचा हंगाम. ही कामे घरात एकाच बाईच्या अंगावर पडू नयेत. शाकारणी आणि सारवणाच्या काळात ती कुणी केली हे आपल्याला ठाऊक आहे.

दोन लोकप्रिय उपायांना उत्तर द्यायला हवे. कुंड्यांनी हवा शुद्ध होते हा समज अमेरिकेच्या नासाने १९८९ मध्ये बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगावरून पसरला. २०१९ च्या एका आढाव्याने हिशेब केला तेव्हा साध्या खिडकीइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा आणि कदाचित हजारपर्यंत झाडे लागतील असे निघाले. तुळस अंगणात जरूर असावी, पण तिच्यावर हे ओझे टाकू नये. दुसरा उपाय धुपाचा. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या २००७ च्या अभ्यासात हवनाच्या धुराने खोलीतले जीवाणू खूप कमी झाल्याचे आढळले होते, आणि तो निष्कर्ष मी नाकारत नाही. पण जीवाणू घटले तरी धूर हा कणांचाच असतो, आणि दम्याच्या रुग्णाला ते कण बाधतात. डासांची कॉइल तर याहून वाईट : २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. पूजा करावी, ऊदही घालावा, खिडकी उघडी ठेवून आणि दम्याचे माणूस दुसऱ्या खोलीत असताना. कॉइल मात्र बंदच करावी आणि खिडक्यांना जाळ्या लावाव्यात.

कुणी म्हणेल, महापालिका आणि सरकार हवा सुधारतील तोवर माझ्या मुलाने काय करायचे? त्याने आज रात्री यंत्र लावून निजावे, यात मला शंका नाही. आजारी मुलाच्या बापाला धोरणाची वाट पाहायला सांगणे क्रूर आहे. पण यंत्र लावले म्हणून मोठ्या वर्तुळाचे काम संपत नाही. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये दाखवले की स्वच्छ हवा कार्यक्रमातला ६४ टक्के खर्च रस्त्यांवरच्या धुळीवर झाला, तर धूर ओकणारी इंधने, वाहने, कचरा जाळणे यांच्या वाट्याला फार थोडा आला. २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, त्यासाठी रस्त्यांची, पुलांची कामे चालू आहेत. बांधकामावर हिरवी जाळी आणि पाणी आहे का, झाडे वाचतात का, चौकात पालापाचोळा पेटतो का, हे पाहणे नाशिककरांचे काम आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हे प्रश्न विचारा, आणि प्युरिफायरची पावती हातात आली तरी विचारत राहा.